खेळायला आम्ही, शिकवायला कोण?

आपल्या देशात क्रीडा प्रशिक्षकाला मिळणारा सर्वांत मोठा सन्मान द्रोणाचार्यांच्या नावानं दिला जातो. १९८५ पासून. ज्यानं शिकवलं काहीच नाही आणि तरी एकलव्याचा अंगठा मागून घेतला, त्याचं नाव आदर्श गुरू म्हणून सरकारी सन्मानपत्रावर छापलं जातं. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र उत्कृष्ट पुरुष खेळाडूला एकलव्य पुरस्कार मिळतो. म्हणजे पळायचं एकलव्यानं आणि शिकवायचं द्रोणाचार्यानं. नावं देणाऱ्यांच्या मनात कदाचित असं काही नसेलही. पण व्यवस्थेचं असंच असतं. ती आपली कामाची वाटणी विचार न करताही बरोबर करून ठेवते.

हे आपल्या चळवळीत अनेकदा बोलून झालं आहे. टाळ्याही मिळतात. मला त्यापुढचं बोलायचं आहे. महाराष्ट्र सरकार पूर्वी प्रशिक्षकांना दादोजी कोंडदेव यांच्या नावानं पुरस्कार देत असे. बहुजन संघटनांनी त्याला विरोध केला आणि ते नाव गेलं. ती लढाई योग्यच होती. पण नाव गेल्यावर मार्गदर्शकाच्या जागेवर उभी राहणारी माणसं बदलली का? आपापल्या तालुक्यात, आपापल्या शाळा-कॉलेजात बघा. संघात आपली पोरं किती आणि शिट्टी गळ्यात अडकवून उभे असलेले आपले किती, हे स्वतःच मोजा. मग या लेखाचा विषय तुमच्या लक्षात येईल.

खेळाडू होणं ही अर्धी लढाई आहे. खेळाडूचा प्रशिक्षक होणं ही उरलेली अर्धी. आणि ती अर्धी आपण अजून नीट सुरूच केलेली नाही.

बॅग उचलणाऱ्याचं ज्ञान

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते आणि वस्त्यांमधल्या मुलामुलींबरोबर काम करते. आमच्या अभ्यासिकेत एक तरुण येतो. पुण्याकडे एका गोल्फच्या मैदानावर त्यानं पाच-सहा वर्षं कॅडी म्हणून काम केलं. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची काठ्यांनी भरलेली बॅग घेऊन त्याच्या मागोमाग चालणारा माणूस. अठरा खड्ड्यांची एक फेरी पूर्ण व्हायला चार-पाच तास लागतात आणि तेवढ्या वेळात कित्येक किलोमीटर चालणं होतं. मैदान ज्या दिवशी बंद असे, त्या दिवशी तिथं कॅडींना खेळू देत. त्या एका दिवसाच्या जोरावर हा पोरगा इतका तयार झाला की कॅडींच्या स्पर्धेत पहिल्या काही जणांत येऊ लागला. पुढं वडील आजारी पडले म्हणून तो परत आला. आता तो म्हणतो, "ताई, मला खेळायचं नाही, मला शिकवायचं हाय."

मी त्याला विचारलं, तुला नक्की काय येतं ते मला सांग. त्यावर तो तासभर बोलला. गवत कोणत्या दिशेला झुकलंय त्यावरून चेंडू किती वळेल. सकाळच्या दवात चेंडू का अडखळतो. अंतर तेवढंच असलं तरी समोरून वारं असेल तर काठी कोणती बदलायची. नवखा माणूस चुकतो तेव्हा त्याचे खांदे चुकतात की पाय. मग म्हणाला, "चेंडू कुठं जाणार ते मला मारणाऱ्याच्या आधी कळतंय ताई. पण आपण आपणहून बोलायचं नसतंय. विचारलं तरच सांगायचं."

हे शेवटचं वाक्य मला समाजशास्त्राच्या पुस्तकासारखं वाटलं. 'विचारलं तरच सांगायचं.' ज्ञान आहे, अनुभव आहे, रोजची तालीम आहे. ते बोलण्याचा अधिकार तेवढा नाही. शेतात, चामड्याच्या कामात, बांधकामावर, हलगीच्या तालात आपल्या माणसांकडे पिढ्यानपिढ्या जे ज्ञान होतं, त्याचं नेमकं हेच झालं. हात आमचे आणि शास्त्र त्यांचं.

गोल्फ भारतात इंग्रजांबरोबर आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. साहेब खेळायचा आणि नेटिव्ह बॅग उचलायचा. साहेब गेला. त्याच्या जागी उद्योगपती, बडे अधिकारी, फौजी अफसर आले. बॅग उचलणारा मात्र तोच राहिला. मुंबईत चेंबूरला गोल्फ क्लबाच्या आसपासच्या वस्तीतले कॅडी लोखंडी सळई वाकवून काठी बनवतात आणि गल्लीबोळात गोल्फ खेळतात. देशोदेशीचे छायाचित्रकार येऊन त्यांचे फोटो काढून गेले. फोटो जगभर गाजले. पण शेजारच्या हिरव्यागार मैदानावर शिकवण्याचं काम त्या फोटोंमुळे कोणाला मिळालं नाही.

गुणवत्ता नाही म्हणून असं होतं, असं म्हणायलाही जागा नाही. दिल्लीचा अली शेर कॅडी होता. १९९१ साली त्यानं इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. १९९३ ला त्यानं ती पुन्हा जिंकली. बॅग उचलणाऱ्याला खेळ येतो, हे त्याच वेळी सिद्ध झालं होतं.

पावसात दिलेला चषक

आफ्रिकेतल्या एका माणसाची गोष्ट आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवी. डर्बन शहरातला भारतीय वंशाचा सेवसंकर ऊर्फ पापवा सेवगोलम. लहानपणापासून कॅडी. लिहिता-वाचता येत नव्हतं. काठी धरण्याची त्याची पद्धत उलटी होती, म्हणजे जो हात खाली हवा तो वर आणि वरचा खाली. कुठल्याही पुस्तकी प्रशिक्षकानं पहिल्या दिवशीच त्याला "चूक" म्हटलं असतं. त्याच उलट्या पकडीनं त्यानं १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीन वेळा डच ओपन जिंकली.

१९६३ साली त्यानं आपल्याच शहरात नाताळ ओपन जिंकली. तिथं गोऱ्यांच्या क्लबहाऊसमध्ये त्याला प्रवेश नव्हता. गोरे खेळाडू आत छताखाली आणि विजेता बाहेर पावसात. चषक त्याच्या हातात बाहेरच दिला गेला. १९६५ साली त्यानं गॅरी प्लेअरसारख्या जगज्जेत्याला हरवून तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्यानंतर वर्णभेदी सरकारनं त्याला स्पर्धांतून बाहेर काढलं आणि पासपोर्टही काढून घेतला. १९७८ साली तो गरिबीतच गेला.

आपण ही गोष्ट अपमानाची म्हणून सांगतो आणि थांबतो. मला त्यात दुसरं नुकसान दिसतं. पापवाची ती पकड, त्याचं तंत्र, चेंडू वाचण्याची त्याची नजर कोणाकडे गेली? ज्या मैदानावर तो शिकवू शकला असता, असं एकही मैदान त्याच्या लोकांच्या मालकीचं नव्हतं. माणूस गेला आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही गेली.

आपल्याकडचे पी. बाळू आठवा. पुण्यात इंग्रजांच्या क्रिकेट मैदानावर ते खेळपट्टी तयार करायचे आणि सरावासाठी साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. फलंदाजी हा साहेबांचा मान, त्यामुळे बॅट हातात मिळायची नाही. हिंदूंच्या संघात घेतल्यावरही चहा वेगळ्या भांड्यात, मैदानाबाहेर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, १९२३ साली मिळालं, तेही मोठ्या झगड्यानंतर. पुढं बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले, तो वेगळा विषय. इथं मुद्दा एवढाच की चेंडू टाक, घाम गाळ, बळी घे, इथपर्यंत चालतं. डोकं चालवायची जागा आली की जात आडवी येते.

"तुमची पोरं काटकच असतात"

मी शाळेत खो-खो खेळायचे. जिल्हा पातळीपर्यंत गेले. आमच्या वस्तीतल्या तिघी एकाच संघात होतो. शिक्षक आमचं कौतुक करायचे, "तुमच्यातल्या पोरी काटकच असतात, पळायची ताकद रक्तातच असते." त्या वयात छाती फुगायची. एम.ए.ला समाजशास्त्र शिकायला लागल्यावर त्या कौतुकाचा अर्थ लागला. संघाचा डाव कसा लावायचा, कोणाला कधी बसवायचं, पहिल्या तुकडीत कोण, हे ठरवायला सर दुसऱ्या मुलींना बोलवायचे. त्या आमच्यापेक्षा हळू पळायच्या. पण त्या "हुशार" होत्या.

रक्तात ताकद आहे म्हटलं की सराव दिसेनासा होतो. सराव दिसला नाही की बुद्धी दिसत नाही. आणि बुद्धी नाही असं ठरलं की शिकवण्याचा प्रश्नच उरत नाही. कौतुकाच्या शब्दांत गुंडाळलेली ही जातच आहे.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास दाखवून दिलं की तिथल्या संघांमध्ये काळ्या खेळाडूंना पळण्याच्या, ताकदीच्या जागा मिळतात आणि डाव आखण्याच्या मधल्या जागा गोऱ्यांकडे राहतात. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन १९४७ साली वर्णभेदाची भिंत फोडून मोठ्या लीगमध्ये उतरला. पण मोठ्या लीगच्या संघाचा पहिला काळा व्यवस्थापक, म्हणजे डाव ठरवणारा माणूस, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ साली आला. खेळण्याच्या हक्कापासून खेळवण्याच्या हक्कापर्यंत २८ वर्षं. १९८७ साली एका मोठ्या क्लबाचा अधिकारी टीव्हीवर म्हणाला की काळ्या लोकांमध्ये व्यवस्थापक होण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी कदाचित नसतील. त्याची नोकरी गेली. आपल्याकडे हेच वाक्य रोज स्टाफरूममध्ये बोललं जातं आणि कोणाचं काहीच जात नाही.

कोल्हापूरला हा रस्ता माहीत आहे

खेळाडूचा गुरू कसा होतो, हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवावं लागत नाही. हे कुस्तीचं गाव आहे. मंगळवार पेठेतून मिरजकर तिकटीवरून चालत निघालं की पाच-दहा मिनिटांत खासबाग मैदान येतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं. मध्ये हौदा आणि चारी बाजूंनी चढती बैठक. कुठूनही बसलं तरी कुस्ती दिसते.

सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर इथंच घडले. १९६० साली हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत एक सुवर्ण आणि एक रौप्य. १९६४ ला टोकियो ऑलिम्पिक आणि अर्जुन पुरस्कार. खेळणं थांबल्यावर ते कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीचे वस्ताद झाले आणि २०१८ साली जाईपर्यंत कोल्हापूरला ते आंदळकर वस्तादच होते. त्यांच्या हाताखालचे दादू चौगुले १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले आणि पुढं तेही वस्ताद झाले. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. साखळी तुटली नाही.

का तुटली नाही? कारण तालीम नावाची जागा होती. राहायला छप्पर, माती, आखाडा, खुराकाची सोय, गावाचा आधार आणि वस्ताद या शब्दाला असलेला मान. पैलवानाचं वय झालं तर तो फेकला जात नाही, तो मातीच्या कडेला उभा राहून डाव सांगतो. या सगळ्यामागे शाहू महाराजांनी उभी केलेली रचना होती. ज्या राजानं २६ जुलै १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांना राखून ठेवल्या, त्याच राजानं बोर्डिंगं उघडली आणि मैदान बांधलं. मोकळा हक्क दिला आणि हक्क वापरायची जागा दिली नाही, असं त्यांनी केलं नाही. गंगाराम कांबळेंना त्यांनी फक्त सहानुभूती दिली नाही, चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं जाऊन चहा घेतला.

तालमीचं मी आंधळं कौतुक करत नाही. तालमीत बाईला पाऊल टाकायची मुभा नव्हती. गावोगावच्या तालमींवर कोणत्या समाजाचा ताबा असतो, हे तुम्हाला आणि मला चांगलं माहीत आहे. मी तालमीकडून घेते ती एकच गोष्ट. जागा असली की खेळाडूचा गुरू होतो. जागा नसली की खेळाडूचा माजी खेळाडू होतो.

क्लिअरव्ह्यू: आपल्या लोकांचं मैदान

आता मला एका गोल्फ प्रशिक्षिकेबद्दल सांगायचं आहे. तिच्या आधी तिच्या वडिलांबद्दल.

विल्यम पॉवेल, जन्म १९१६, अमेरिकेतल्या गुलामांचा नातू. ओहायो राज्यात लहानपणी गोल्फच्या मैदानावर कॅडी. तिथंच खेळ शिकला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला. इंग्लंडमध्ये तैनात असताना तिथल्या मैदानांवर खेळला. युद्ध संपवून परत आला तर स्वतःच्या देशात त्याला मैदानावर पाय ठेवू देईनात. माजी सैनिकांना मिळणारं कर्जही नाकारलं. तेव्हा त्यानं ठरवलं की मी स्वतःचंच मैदान बांधीन. दोन काळ्या डॉक्टरांनी पैसे घातले, भावानं घर गहाण ठेवून पैसे दिले. १९४६ साली त्यानं ७८ एकरांची एक गोठ्याची जमीन घेतली. रात्री कारखान्यात पहारेकरी म्हणून नोकरी आणि दिवसा बायको मार्सेलासोबत दगड वेचणं, हातानं बी पेरणं. १९४८ साली नऊ खड्ड्यांचं मैदान सुरू झालं. नाव क्लिअरव्ह्यू. काळे, गोरे सगळ्यांना खुलं. पुढं १९७८ साली ते अठरा खड्ड्यांचं झालं.

त्या काळात अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या घटनेतच लिहिलेलं होतं की सभासद गोऱ्या वंशाचाच हवा. ते कलम १९६१ साली निघालं. म्हणजे पॉवेलनं दार उघडण्याची वाट बघितली नाही. त्यानं आपलं वेगळं दार बसवलं, आणि ते सर्वांसाठी उघडं ठेवलं.

त्याच १९४६ साली जन्मलेली त्याची मुलगी रेने. तीन वर्षांची असताना तिच्या हातात काठी आली. १९६७ साली ती महिलांच्या व्यावसायिक दौऱ्यात उतरली. टेनिसमधली अलथिया गिब्सन सोडली तर त्या दौऱ्यावरची दुसरीच काळी स्त्री. हॉटेलांनी खोल्या नाकारल्या. जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. तरी १९८० पर्यंत ती अडीचशेवर स्पर्धा खेळली. १९७३ साली ऑस्ट्रेलियात एक विजेतेपदही मिळवलं.

आता नीट बघा. तेरा वर्षं खेळून एखादी स्त्री थांबते तेव्हा ती कुठं जाते? आपल्याकडे संसारात जाते. रेने शिकवायला गेली. १९७९ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरमिअर इथं ती मुख्य प्रशिक्षक-व्यावसायिक झाली. ब्रिटनमध्ये त्या पदावर बसलेली ती पहिली स्त्री. नंतर ती क्लिअरव्ह्यूला परत आली आणि १९९५ पासून वडिलांच्या मैदानाची मुख्य प्रशिक्षक झाली. भाऊ लॅरी मैदानाची माती आणि गवत सांभाळतो. २०११ पासून तिनं सैन्यातून परतलेल्या स्त्रियांसाठी मोफत गोल्फचा उपक्रम चालवला. युद्धानं आतून मोडलेल्या बायका तिथं येतात, मोकळ्या हवेत उभ्या राहतात, एकमेकींशी बोलतात. २०१५ साली सेंट अँड्र्यूजच्या त्या जगप्रसिद्ध, शतकानुशतकं पुरुषांपुरत्या असलेल्या क्लबानं ज्या पहिल्या स्त्रियांना मानद सभासद केलं, त्यांत रेने पॉवेल होती.

पापवा आणि रेने या दोघांतला फरक गुणवत्तेचा नाही. पापवाच्या नावावर मोठे विजय जास्त आहेत. फरक ७८ एकरांचा आहे. रेनेकडे परत यायला जागा होती. तिचा बाप कॅडी होता आणि तोच मालकही झाला, म्हणून मुलीची विद्या वाया गेली नाही.

१९४६ या सालाजवळ मी पुन्हा पुन्हा येते. त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतले विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या लढ्याची माहिती मागवली होती. आणि त्याच वर्षी मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. बाबासाहेब आपल्या पोरांना दुसऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश मिळवून देऊन थांबले नाहीत. त्यांनी कॉलेज काढलं. जिथं आपली पोरं शिकतीलही आणि शिकवतीलही. खेळाच्या बाबतीत आपण हा दुसरा टप्पा सोडून दिला आहे.

आक्षेप आणि उत्तरं

कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा विषय काढला की तीन प्रश्न येतात.

पहिला, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, आपल्याला त्याचं काय? माझं उत्तर असं की खेळणारे श्रीमंत आहेत, पण खेळ चालतो तो गरिबांच्या पायांवर. गवत कापणारा, पाणी मारणारा, बॅग उचलणारा रोज तिथंच आहे. तो तिथं आधीपासून आहे, आपण त्याला नव्यानं पाठवत नाही आहोत. प्रश्न एवढाच की तो कुठल्या दर्जावर आहे. आमच्या त्या तरुणाच्या सांगण्याप्रमाणे, तिथला प्रशिक्षक एका तासाला जे घेतो, ते कॅडीला अख्ख्या फेरीत मिळत नव्हतं. मग ही पोटाचीही गोष्ट आहे.

दुसरा, ही मैदानं जमीन आणि पाणी गिळतात, त्यांना विरोधच करायला हवा. हा आक्षेप खरा आहे आणि तो सोडायचा नाही. पण विरोध करतानाही हे लक्षात ठेवा की यातली कित्येक मैदानं सार्वजनिक मालमत्तेवर उभी आहेत. दिल्ली गोल्फ क्लब सरकारच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर आहे. आपल्या राज्यात खारघरचं मैदान सिडकोनं, म्हणजे सार्वजनिक संस्थेनं, बांधलं. जमीन लोकांची असेल तर तिथं शिकण्याचा आणि शिकवण्याचा हक्कही लोकांचाच. ही मागणी आपण कधी केलीय?

तिसरा, आधी नोकऱ्या, शिक्षण, अत्याचाराचे प्रश्न, मग खेळ. मी रोज वस्तीत काम करते. अॅट्रॉसिटीच्या केसमध्ये पोलीस ठाण्यात बसायला मी जाते. मला हा क्रम कळतो. पण सतराव्या वर्षी मैदानावर चमकणारी पोरगी बाविसाव्या वर्षी घरात बसते, पोरगा भरतीत नापास झाला की बिगारी कामाला जातो, आणि त्या दोघांकडे असलेली दहा वर्षांची विद्या मातीमोल होते. हा रोजगाराचाच प्रश्न आहे. ज्ञानाच्या मालकीचाही आहे.

काय करता येईल

प्रशिक्षक होण्याचा रस्ता कागदावर तरी अस्तित्वात आहे. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षणाचं काम चालतं आणि तिथल्या डिप्लोमाला सरकारी नोकरीत वजन आहे. गोल्फसाठी इंडियन गोल्फ युनियनची नॅशनल गोल्फ अकादमी शिकवणाऱ्यांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते. अडचण पुढं येते. फी, राहण्याचा खर्च, इंग्रजी, आणि सर्वांत मोठी म्हणजे "विचारलं तरच सांगायचं" ही मनात बसलेली सवय. खेळता येणं आणि शिकवता येणं यात फरक असतो. हातानं जे आपोआप होतं, ते शब्दांत मांडावं लागतं. नवख्याला न घाबरवता त्याची चूक दाखवावी लागते. हे शिकता येतं. पण त्यासाठी आधी बोलायला लागतं.

आमच्या अभ्यासिकेत आम्ही सुरुवात केली आहे. तो तरुण दर रविवारी पंधरा-वीस पोरांसमोर उभा राहतो. गोल्फची काठी नाही, मैदान नाही. क्रिकेटची जुनी बॅट आणि टेनिसचा चेंडू. त्यावर तो उभं राहणं, खांदा, कंबर, तोल समजावून सांगतो. पहिल्या रविवारी त्याचा आवाज निघत नव्हता. आता पोरं शंका विचारतात आणि तो फळ्यावर चित्र काढून उत्तर देतो. प्रमाणपत्राच्या परीक्षेसाठी लागणारे इंग्रजी शब्द आम्ही मराठी अर्थासह एका वहीत उतरवतोय. फीचे पैसे कसे उभे करायचे, यावर वस्तीतल्या नोकरदारांची एक बैठक झाली. दुसरी व्हायची आहे.

आपल्या सर्वांसाठी माझी मांडणी अशी आहे.

बार्टी स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी अनुसूचित जातीच्या मुलांना मदत करते. तशीच मदत क्रीडा प्रशिक्षकांच्या डिप्लोमा आणि प्रमाणपत्रांसाठीही मिळावी, ही मागणी निवेदनात लिहून समाजकल्याण कार्यालयात आणि आमदारांकडे द्या. सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक क्रीडासंकुलात आणि क्लबात कामगारांना आणि त्यांच्या मुलांना शिकण्याची ठरावीक वेळ मिळावी, आणि तिथं वर्षानुवर्षं काम केलेल्यांना सहायक प्रशिक्षक म्हणून घेतलं जावं, अशी मागणी करा. भाडेपट्ट्याची कागदपत्रं माहिती अधिकारात मागवा. त्यात सार्वजनिक उपयोगाच्या अटी असतील तर त्या वाचून दाखवा.

१४ एप्रिलला आपल्या मंडळांकडे वर्गणी जमते. त्यातला एक भाग डीजेवरून काढून एका माजी खेळाडूच्या प्रशिक्षक होण्याच्या खर्चाला लावा. एका वर्षी एकच. दहा वर्षांत दहा प्रशिक्षक होतील, आणि त्यातला प्रत्येक जण वर्षाला वीस-तीस पोरं घडवेल.

आणि मुलींना विसरू नका. आपल्या वस्तीतल्या खो-खो, कबड्डी, फुटबॉल, कुस्ती खेळलेल्या मुलींची नावं लिहून काढा. लग्न झालेल्यांचीही. त्यांच्या सासरच्यांशी बोला. संध्याकाळी एक तास विहाराच्या अंगणात किंवा शाळेच्या मैदानात त्यांना शिकवायला उभं करा. तथागतांनी संघात भिक्षुणींना जागा दिली आणि त्या भिक्षुणी उपदेशही करू लागल्या, हे आपण विहारात सांगतो. मैदानावरही ते दिसू द्या.

बाबासाहेबांचा पहिला शब्द 'शिका' हा आहे. आपण तो पाळला, म्हणून आज हे लिहू शकते. त्या शब्दाच्या पोटातच 'शिकवा' आहे. सावित्रीमाई स्वतः शिकल्या आणि लगेच शिकवायला उभ्या राहिल्या, मध्ये कोणाची परवानगी मागितली नाही. तुमच्या गल्लीत, गावात एक तरी माजी खेळाडू असेल जो आज गवंड्याच्या हाताखाली आहे, रिक्षा चालवतोय किंवा घरी बसलाय. या आठवड्यात त्याच्याकडे किंवा तिच्याकडे जा, आणि विचारा, "तुला काय येतं, ते आमच्या पोरांना सांगशील का?"

जयभीम!